एकदा सुटलेला बर्फ

आमच्या नात्यात कुणाच्या फ्रिजमध्ये जुनी कोंबडी निघाली की फोन मला येतो. मागच्या आठवड्यात नणंदेचा आला. "वहिनी, उन्हाळ्यात ठेवलेलं चिकन सापडलंय बगा तळाला. खावं का टाकावं?" झालं, मी वकिलासारखी सुरू. सबंध आहे का तुकडे? कलेजी वेगळी काढली होती का? मधे लाईट गेली होती का, आणि गेली तर किती वेळ? पिशवीच्या तळाला लाल बर्फ दिसतोय का? सबंध कोंबडी दगडासारखी गोठलेली राहिली तर वर्षभर काही होत नाही. तुकडे नऊ महिने, कलेजी-पोटा तीन-चार महिने. त्याच्या पुढं चव उतरते, मांस चिपाडासारखं लागतं, पण बाधत नाही. बाधतं ते मधे सुटून परत गोठलेलं. एवढं सगळं मी एका दमात सांगते, आणि पलीकडून कौतुक होतं. "आगं माय, वहिनीला किती माहिती! लेक डॉक्टर हाय ना, तिच्याकडून शिकली असंल."

मी म्हणते, हो.

खोटं आहे ते. लेक डॉक्टर व्हायच्या आधीपासून मला हे सगळं माहीत होतं. अगदी व्यवस्थित, हिशेबासकट माहीत होतं, आणि माहीत असून मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जाऊ दे, झालं ते झालं. मला ते ऐकायचं नव्हतं.

मला हे शिकवलं ते नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या चिकनवाल्या चाचांनी. त्यांच्या वाडवडिलांपासून तोच धंदा, तेच दुकान. लेकीला दहावीला चांगले मार्क पडले आणि घरात ठरलं की हिला लातूरला घालायची. त्या काळात नांदेड काय, परभणी काय, ज्याच्या घरात जरा हुशार पोर निघालं ते लातूरला जायचं. आया बिऱ्हाड घेऊन पोरांबरोबर जायच्या. मीही निघाले. नवरा नांदेडला, मी आणि लेक लातूरला. लेकीला मेसचं खायला घालायचं नाही हा माझा हट्ट. बाजारची कोंबडी सुया टोचून फुगवलेली असते असं माझं ठाम मत होतं, त्यामुळं उमरीला माझ्या आईकडच्या गावरान कोंबड्या नवऱ्यानं आणायच्या, चाचांनी साफ करून द्यायच्या, रात्रभर गोठवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी थर्मासच्या डब्यात घालून पहिल्या एसटीनं लातूरला. लोक हसायचे. हसू देत.

चाचा पहिल्याच वेळी म्हणाले होते, "भाभी, एक बात याद रखो. सालभर रखो, कुछ नै होता. पण बर्फ सुट्या तो सीधा हंडी में. दोबारा गोठवायची नको. और वास की राह भी नको देखो, वास लई उशिरा येतो." चाचा वितळणं म्हणत नसत, सुटणं म्हणत. बर्फ सुटला, कोंबडी सुटली. मला तो शब्द आवडला होता, मी पण तसंच म्हणायला लागले.

लातुरात आमची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची. मालकीणबाईंच्या माहेरची माणसं भूकंपात दगडाच्या भिंतींखाली गेली होती. तेव्हापासून त्यांचं एकच, डोक्यावर जड काही नको. त्यांच्या नवऱ्यानं स्लॅबची गोष्ट काढली की त्या उठून जायच्या. त्यामुळं मे महिन्यात आम्ही तिथं भाजून निघायचो, पण बाई मनानं मोठी. त्यांच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा त्यांनी मला वापरायला दिला होता. त्या माळकरी, त्यांना मांस चालत नसे, तरी तीन पिशव्या नीट गुंडाळून ठेवायची परवानगी दिली. "पोरींच्या शिक्षणाचं काम हाय," म्हणाल्या.

पोरींच्या म्हणजे दोघींच्या. दुसरी पोरगी किनवटकडची. जंगलातल्या गावातली, सगळं शिक्षण निवासी शाळेच्या होस्टेलात झालेलं. तिच्या शाळेतल्या गुरुजींनी धडपड करून तिला क्लासला घातली होती आणि राहायला जागा शोधता शोधता तिचे वडील आमच्या दारात आले. चपला त्यांनी जिन्याखालीच काढलेल्या. हातात चारोळीची पुरचुंडी. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमच्या हाताखाली ठिवा हिला. खाती सगळं, कुरकुर करीत न्हाई." खोलीचं भाडं वाटून घेता येईल म्हणून मी हो म्हटलं. पण लगेच जीव लागला हेही खरं. पोरगी खरंच सगळं खायची. माझी लेक वांग्याची भाजी बघून नाक मुरडायची, ही बोटं चाटायची. "मावशी, आमच्या होस्टेलात वरण म्हंजे पाणी अन् पाणी म्हंजे वरण," म्हणून हसायची. पहाटे उठून माझ्याआधी टँकरच्या रांगेत घागर लावून यायची आणि तिथंच उभी राहून वही वाचायची.

आणि हुशार होती. इथं मला अडखळायला होतं, पण सांगते. क्लासमध्ये दर आठवड्याला परीक्षा व्हायची आणि भिंतीवर नावांची यादी लागायची. पहिले काही महिने माझी लेक वर असायची. मग ही तिच्याजवळ आली, मग पुढं गेली, आणि मग पुढंच राहिली. माझ्या लेकीला काही वाटत नव्हतं, ती हिच्याकडूनच गणितं समजून घ्यायची. वाटत होतं ते मला. मी यादी बघायला जायची, खालून वर वाचत जायची, आणि लेकीचं नाव लागल्यावर तिथं थांबायची. त्याच्या वर बघायची नाही. चाळिशीची बाई, आणि असला पोरकटपणा! लाज वाटते आता लिहितानासुद्धा.

शेवटची मोठी परीक्षा, मेडिकलची, मे महिन्यात, शुक्रवारी. त्याच आठवड्यात नांदेडला घरातलं लग्न निघालं, टाळता येण्यासारखं नव्हतं. दोन दिवसांसाठी मी गेले, पोरींना मेसचा डबा लावून दिला. बुधवारी परत आले. गुरुवारी सकाळी खाली जाऊन शेवटची पिशवी काढली. उमरीची कोंबडी, आईनं मुद्दाम म्हणून दिलेली, पेपरच्या आदल्या दिवशी पोरींच्या पोटात ताकदीचं काही जावं म्हणून मी जपून ठेवलेली.

पिशवी दगडासारखी घट्ट होती. पण आतले तुकडे मी ठेवले तसे सुटे नव्हते. सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला होता, आणि त्या गोळ्यावर कप्प्याच्या जाळीच्या रेघा उमटल्या होत्या. तळाला लाल बर्फाची वडी, बोटभर जाड.

मी मालकीणबाईंना विचारलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी डीपी जळाला की वो. दीड दिवस लाईट न्हवती. खाली पाणी सांडलं व्हतं, मी पुसून घेतलं. पर आता बगा, कसं घट्ट हाय."

म्हणजे मला माहीत होतं. कुणी फसवलं नाही, काही लपवलं नाही. लातूरचा मे महिना, दीड दिवस लाईट नाही, कोंबडी पूर्ण सुटली होती, कोमट झाली होती आणि परत गोठली होती. चाचांचं वाक्य कानात जसंच्या तसं वाजलं. पण मी टाकली नाही. आईनं एवढ्या मायेनं दिलेली कोंबडी, एवढ्या लांबून आणलेली, आणि उद्या पेपर. वास घेऊन बघितला, वास नव्हता. मनाशी म्हटलं, कुकरला दोन शिट्ट्या जास्त काढू, शिजलं की काय उरतंय त्यात? (जंतू मरतात, पण त्यांनी आधी सोडलेलं विष शिजवून जात नाही. हे मात्र लेकीनंच सांगितलं, पुढं कधीतरी, दुसऱ्या कुणाबद्दल बोलताना. मी भाजी निवडत ऐकून घेतलं.)

तर कोंबडी केली. तीळ-खोबऱ्याचं वाटण लावून, रस्सा दाट, आमच्याकडे करतात तसा. माझा गुरुवार, म्हणून मी चाखली नाही. दुपारी दोघी जेवायला बसल्या. मी लेकीचं ताट पुढं ओढलं, पळी रश्शात घातली आणि हात थांबला. तो लाल बर्फ डोळ्यांपुढं आला. मला भीती वाटली.

तिथपर्यंत मी एक चुकलेली बाई होते. तिथून पुढं जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत.

मी लेकीला म्हटलं, "तू नको खाऊ. आज गुरुवार आहे."

ती बघतच राहिली. "आई, दोन वर्षांत तुला माझा गुरुवार आठवला नाही! तूच म्हणायचीस, अभ्यासाच्या पोरांना वार नसतो."

"आज दत्ताला नवस बोललेय. उद्या पेपर आहे, उगाच वाद घालू नको." आणि मी तिला वरण-भात वाढला.

किनवटची पोरगी हसायला लागली. "मावशी, माजा काय गुरुवार न्हाई बगा. मला वाढा. ताईच्या वाटचं बी मीच खाते."

मी वाढलं. दोनदा वाढलं. ती म्हणाली, "लई भारी झालंय, मावशी," आणि मी "खा, खा" म्हटलं. मी तिला तुझाही वार पाळ म्हणू शकले असते. भांडं हातातून पाडू शकले असते. करपली म्हणून ओतून देऊ शकले असते. बाईला स्वयंपाकघरात बहाणे काय कमी असतात? पण टाकली असती तर का टाकली ते सांगावं लागलं असतं, आणि लेकीला आधी का नाही वाढली तेही. म्हणून मी वाढत राहिले. कदाचित काही होणार नाही, असं म्हणत राहिले. आणि झालंच तर? तर काय, ते मी मनात पूर्ण होऊ दिलं नाही. भिंतीवरच्या त्या यादीचा विचार माझ्या मनात तेव्हा होता का? मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. नव्हता असं छातीठोक सांगता येत नाही.

दिवस मावळायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. मी साखर-मिठाचं पाणी पाजलं, डॉक्टरकडे नेलं, त्यांनी सुई टोचली, गोळ्या दिल्या. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तेही खरं होतं, बरं का. मी नाटक करत नव्हते, मला रडू येत होतं. पोरगी मात्र माझेच डोळे पुसायची आणि म्हणायची, "रडू नगा मावशी, उद्या जाते मी पेपरला, कशी बी जाते."

गेली. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गेली. केंद्राबाहेर लिंबाच्या झाडाखाली आम्ही पन्नासेक आया बसलो होतो, कुणी जप करत होतं, कुणी पाण्याच्या बाटल्या गोणपाटात भिजवत होतं. पेपर सुटायला अजून खूप वेळ होता तेव्हा फाटक उघडलं आणि एक मॅडम तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. तीनदा बाहेर जावं लागलं होतं, शेवटी चक्कर येऊन बाकावरच आडवी झाली होती. सगळ्या आया उठून उभ्या राहिल्या.

ती माझ्यापुढं आली आणि माफी मागायला लागली. माझी! "मावशी, तुमी एवढं केलं माज्यासाठी, अन् मीच माती केली. परवा मैत्रिणीसंगं उसाचा रस पिले मी, बर्फ घालून. त्यानंच झालं. तुमी सांगितलं व्हतं, बाहेरचं पिऊ नगा."

आता ऐका, मी काय केलं. मी तिला जवळ घेतलं नाही. मी सगळ्यांसमोर ओरडले. "तरी मी घसा कोरडा करून सांगत होते! कशाला प्यायला गेली होतीस मरायला? दोन वर्षांचं वाटोळं केलंस ना!" बाजूच्या बायका मान हलवायला लागल्या. एक म्हणाली, "तो बर्फ लई घाण पाण्याचा असतो." मी म्हटलं, "तेच तर." माझ्या अंगात असं बळ आलं होतं की काय सांगू. मी सुटले होते.

संध्याकाळी तिचे वडील आले. त्यांनाही मी रसाचीच गोष्ट सांगितली. त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मला हात जोडून म्हणाले, "तुमी व्हता म्हून पोरगी जित्ती ऱ्हायली."

माझ्या लेकीला मेडिकल मिळालं. ही राहिली. आणखी एक वर्ष लातूरला ठेवण्याची त्यांची ऐपत नव्हती, आणि गुरुजी तरी किती जणांपुढं हात पसरणार? मी म्हणू शकले असते की माझ्याकडे राहू दे फुकट. खोली सोडून मी नांदेडला निघून आले. लेकीच्या पेढ्यांचा एक पुडा किनवटला पाठवला. काय म्हणावं अशा बाईला?

ती नर्स झाली. तिकडंच एका उपकेंद्रात लागली, लग्न झालं, एक मुलगी झाली. दर दिवाळीला तिचा फोन यायचा, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची, "मावशी, एकदा या ना घरी." मी गुडघ्यांचं कारण सांगायची. गेल्या हिवाळ्यात लेकीला तिकडं आरोग्य शिबिराला जायचं होतं, ती म्हणाली, आई चल, तिच्याकडेच जेवायचं आहे. मला नाही म्हणता आलं नाही.

घर नेटकं होतं. अंगणात शेणाचा सडा, दाराशी चारोळी वाळत घातलेली. पोरगी आता भरली होती, पण हसणं तेच. तिची मुलगी आठ-नऊ वर्षांची, शाळेतून येताना बर्फाचा गोळा खाऊन आली, ओठ लाल. आईनं तिला दारातच धरलं. "कितीदा सांगितलं तुला? तुजी आई असल्याच बर्फापायी डॉक्टर व्हायची ऱ्हायली!" आणि आमच्याकडे वळून हसत म्हणाली, "गावातल्या समद्या बायांना मी माजंच उदाहरण देते, मावशी. बर्फाचा रस पिऊ नगा म्हणते, मी पिले अन् काय झालं बगा."

म्हणजे एवढी वर्षं ती हे गावभर सांगत होती. स्वतःच्या मूर्खपणाची गोष्ट म्हणून.

लेक शिबिराच्या लोकांशी बोलायला बाहेर गेली तेव्हा मी चुलीपाशी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "अगं, ते रसानं झालं नव्हतं. त्या दिवशीची कोंबडी... लाईट गेली होती. बर्फ सुटला होता तिचा. मला वाटतं, त्यानं झालं."

ती भाकरी थापता थापता थांबली. क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "असंल बी. अन् एवढी वर्षं तुमी ते मनाला लावून घेतलंय व्हय? जाऊ द्या मावशी. तुमाला काय ठाऊक? ठाऊक असतं तर तुमी मला वाढली असती का?"

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

तिनं भाकरी उलटली. "उलट बरं झालं बगा, ताईचा गुरुवार व्हता त्या दिशी. न्हाईतर दोघी बी आडव्या झालो असतो. देवानंच एकीला वाचवलं म्हणायचं."

मी म्हटलं, "हो."

मग तिनं ताटं मांडली. लेकीला आणि मुलीला कोंबडी वाढली, ताजी, सकाळीच कापलेली. माझ्यापुढं वेगळं ताट ठेवलं, त्यात वरण, भात, वांग्याची भाजी. म्हणाली, "तुमचं वेगळ्या भांड्यात केलंय, मावशी. आज गुरुवार हाय ना? मला ध्यानात हाय."